देण्याघेण्याची साडी

अहो,

एकोणचाळीस वर्षांत तुम्हाला नावानं हाक मारली नाही, ती आता कुठून मारणार? "प्रिय" वगैरे लिहायला हात धजत नाही. "अहो" म्हटलं की मागाच्या खडखडाटातही तुमची मान वळायची. तेवढं पुरे.

काल तुमचं वर्षाचं कार्य झालं. आज सकाळी उमेश कामावर गेला, आपली सून रूपा मंडळाची ताटं-वाट्या परत करायला गेली आणि घरात मी एकटीच राहिले. म्हटलं, कालचं सगळं तुम्हाला सांगावं. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर म्हणाल, "भावाशी भांडलीस आणि मला सांगितलं न्हाईस व्हय गं?"

भांडले. तुमच्यामुळंच भांडले!

लिहितेय ती वही तुम्हीच केलेली आहे. उमेशच्या शाळेच्या वह्यांतली कोरी पानं काढून मागाच्या सुतानं शिवलेली. पानं पिवळी पडलीत, पण टाका एकही उसवलेला नाही. मी चौथीतून शाळा सोडलेली बाई, वाचायला शिकले तीही तुमच्या अशाच एका सवयीमुळं. सुताच्या गठ्ठ्यांबरोबर जुने पेपर यायचे. ते रद्दीत जायच्या आधी तुम्ही माझ्यापुढं ठेवायचात. "आधी वाच, मग दिऊ." मी अर्धी अर्धी पानं वाचत गेले. खुनाची बातमी असायची आणि खुनी कोण ते नेमकं फाटलेल्या तुकड्यावर गेलेलं असायचं! मग तुम्ही जेवताना सांगायचात, "मेव्हण्यानंच केला असंल बघ." प्रत्येक खून तुम्ही मेव्हण्याच्या अंगावर घालायचात, आणि माझ्या भावाला, अण्णाला, हे कुणीतरी सांगितलं होतं.

तुमच्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षा होती, खरं सांगते. वडगावातून शहापुराकडं जायचं म्हटलं तरी तास लागायचा. जिथं म्हणून दोरीवर लुगडं वाळत असेल तिथं तुम्ही थांबणार. मान वर, डोळे काठावर. कंग्राळीतला तो गडी आठवतो का? हातात काठी घेऊन बाहेर आला होता.

"काय बघतोय रं बाईच्या लुगड्याकडं?"

आणि तुम्ही काय म्हणालात? "लुगडं माझं हाय!"

अहो, असं कुणी बोलतं का! त्यानं काठी उचललीच होती. मी मध्ये पडले, म्हटलं, "दादा, ह्यांनी विणलंय हो ते, ह्यांनी विणलंय!" मग काठाजवळचं ते एक पिवळं सूत तुम्ही त्याला दाखवलंत. प्रत्येक साडीत किनारीच्या आत तुम्ही एक पिवळं सूत सोडायचात, बाकी कुणाच्या लक्षातही यायचं नाही. गडी गार झाला. चहा झाला. त्याच्या बायकोला तुम्ही विचारलंत, "किती वर्सं झाली हिला?"

"थोरली पोटात हुती तवाची."

"आणि थोरली?"

"सातवीत हाय की आता."

घरी येईपर्यंत तुम्ही शीळ घालत होतात. कुठल्या व्यापाऱ्यानं पाठ थोपटली तरी तुम्हाला इतका आनंद झालेला मी कधी बघितला नाही.

जुनेर म्हणजे नेसून नेसून विरलेलं लुगडं, एवढंच मला ठाऊक होतं. तुमच्या तोंडात तो शब्द वेगळाच वाजायचा. "नवं कापड म्हंजे नुसतं सूत गं. अंगाला लागून लागून जुनेर झालं की मग त्याला कापड म्हणायचं." विणकराची परीक्षा दुकानात होत नाही, जुनेरात होते, असं तुमचं म्हणणं. आपल्या घरात तर कापड मरायचंच नाही, फक्त नोकरी बदलायचं. लुगड्याची वाकळ, वाकळीचा थर विरला की पोराची लंगोटी, लंगोटीचं माग पुसायचं फडकं, आणि फडकं तेलकट झालं की बंबात पेटवायला बोळा. एकदा मी चांगलं धडसं फडकं चुलीत घातलं म्हणून तुम्ही दिवसभर अबोला धरलात. त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, एका फडक्यासाठी रुसणारा नवरा आता कुठून आणू?

गल्लीत काही लोक तुम्हाला चिक्कू म्हणायचे. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत होतं. पण चिक्कू माणूस द्यायच्या वेळी हात आखडतो. समोरच्या घरी लग्न होतं तेव्हा आपली कोरी सतरंजी तुम्ही स्वतः नेऊन मांडवात अंथरलीत आणि घरी येऊन आपण फाटक्या पोत्यावर जेवलो. लग्नाकार्यात खिशातून स्वतःचा पेला काढणारा माणूस सगळ्या बेळगावात तुम्ही एकच असाल. मला लाज वाटायची. कोगनोळीच्या लग्नात तर मी तुमच्यापासून चार ओळी लांब बसले होते! जेवण झाल्यावर मांडवामागं गेले तर प्लास्टिकच्या ग्लासांचा ढीग कमरेएवढा, आणि त्यात एक गाय तोंड घालून उभी. मी येऊन गुपचूप तुमच्याच पेल्यातून पाणी प्याले.  नुसते गालात हसलात. ते हसणं बोलण्यापेक्षा जास्त लागतं, हे तुम्हाला कळत होतं का?

त्यानंतरच तुम्ही मंडळाला स्टीलची ताटं घ्यायला लावलीत. आज गल्लीत बारसं असो की बारावं, त्याच ताटांत पंगत बसते.

एका गोष्टीचा मात्र माझा राग आहे आणि तो राहणार. पंख्याची पाती, दाराची कडी, शेजारणीचा मिक्सर, सगळं तुम्ही दुरुस्त केलंत. स्वतःच्या खोकल्याला मात्र तीन वर्षं आल्याच्या तुकड्यावर बसवलंत. "अजून चालतंय की!" हे वाक्य पंख्याला ठीक आहे हो. छातीला नाही. छातीत सुताचा कोंडा साचतोय हे तुम्हाला कळत नव्हतं होय? वस्तू जपणाऱ्या माणसानं स्वतःला इतकं स्वस्तात घालवावं का?

असू दे. रागावून काय उपयोग? मुख्य सांगायचं राहतंय.

माझी एक चूक तुम्ही कधी बोलून दाखवली नाहीत, म्हणून ती जास्त बोचते. ती दोन वर्षं. माग बंद पडले होते, उमेशची शाळा चालू होती आणि तो व्यापारी दारात आला होता. "देण्याघेण्याच्या साड्या विणून द्या," म्हणाला. आहेरात द्यायच्या. कुणी नेसायच्या नाहीत, एकानं दुसऱ्याला द्यायच्या, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सूत विरळ, आणि ते लपवायला वरून भरपूर खळ. हात लावला तर साडी पुठ्ठ्यासारखी ताठ, पहिल्या पाण्यात तिची मच्छरदाणी.

तुम्ही म्हणालात, "एवढं कमी सूत? नेसणार कशी बाई?"

"नेसायचीच न्हाय हो मास्तर! द्यायघ्यायची हाय."

"मग तिला पदर तरी कशाला पायजे?"

व्यापारी हसला. मी हसले नाही. मी आतून म्हणाले, "जे खपतंय ते विणा की! तुमच्या पिवळ्या सुतावर चूल पेटत न्हाय." तुम्ही माझ्याकडं एकदा बघितलंत आणि दुसऱ्या दिवशी माग चालू केलेत.

त्या दोन वर्षांत आणि त्यानंतरही तुम्ही दोऱ्यांकडं बघत हिंडलात. एकदा मीच विचारलं, "दिसली का हो त्यातली एखादी?"

"न्हाय. एक पण वाळत घातलेली दिसली न्हाय."

"मग जातात कुठं?"

"कपाटातनं कपाटात."

एवढंच. मला तेव्हा त्या उत्तराचं काही वाटलं नव्हतं.

आता मागच्या वर्षीचं ऐका. तुम्ही गेलात. तेराव्याला रिवाजाप्रमाणं सगळ्यांनी कपडे आणले. उमेशला टॉवेल-टोप्या, मला साड्या. कुणी खांद्यावर ठेवली, कुणी मांडीवर. रडत होते, कोण काय ठेवतंय ते बघितलंही नाही. महिन्यानं गाठोडं सोडलं. सगळ्या देण्याघेण्याच्या. एकीतही नेसावं असं काही नव्हतं. मी घड्या घालायला बसले, पुढं कुणाच्या तरी लग्नात देता येतील म्हणून! होय, मीसुद्धा. आणि त्यातल्या एका हिरव्या साडीच्या किनारीत मला पिवळं सूत दिसलं.

अहो, ती घेऊन मी उजेडात गेले, परत बघितलं. मला वाटायचं, त्या साड्यांत तुम्ही लाजेनं ते सूत घातलं नसेल. घातलं होतंत. एकीतही चुकवलं नसणार. पोर वंगाळ निघालं तरी बाप नाव काढून घेत नाही, तसं.

घडीच्या रेषेवर साडी विटली होती. आत तीन चिठ्ठ्या होत्या, एकीवर एक टाचलेल्या. एक कुणाच्या तरी बारशाची, एक वास्तुशांतीची, एक नुसतीच "सौ. काकूंकडून". इतकी वर्षं ती साडी घरोघर हिंडत होती. एकाही बाईच्या अंगाला लागली नाही. आणि हिंडत हिंडत शेवटी आली कुठं? तुमच्याच दुखवट्याला!

मी ती बादलीत घातली. पाणी पांढरंफेक झालं. खळ उतरली तसं तिचं खरं अंग दिसलं, हात घातला तर आरपार बोटं दिसत होती. त्या दिवशी मी तुमच्यासाठी रडले ते तेराव्यापेक्षा जास्त. तुम्हाला ती विणायला मी लावली होती.

त्याच दिवशी ठरवलं. ह्यांच्या वर्षाला कुणाचं नवं कापड घरात घ्यायचं नाही. ज्याला काही आणायचंच आहे त्यानं घरातलं एक जुनेर आणावं. त्यांच्या वाकळा शिवायच्या आणि ज्याला थंडी वाजते त्याला द्यायच्या.

उमेशला सांगितलं तर तो ताटावरून उठला. "आप्पांच्या वर्षाला लोकांकडनं चिंध्या गोळा करायच्या? लोक म्हणतील काय, पोरगं बापाचं कार्य पण करंना?" त्यानं तर प्रत्येक पाहुण्याला तुमचा फोटो छापलेला डबा द्यायचं ठरवलं होतं! मी म्हटलं, "डब्यावरच्या आप्पांना रोज तारेच्या घासणीनं घासतील रं लोक." तो बरं म्हणाला, पण तोंड पाडून.

रूपानं मात्र साथ दिली. "आत्या, माझ्या माहेरी कंग्राळीत म्हशीच्या अंगावर पण जुनेर घालतात थंडीत. पोतं भरून आणतील बघा. फक्त म्हशीचं कुठलं आणि माणसाचं कुठलं ते तुम्ही ओळखा!"

मग मी अण्णाला फोन लावला. संकेश्वरला. माझ्या माहेरचं आता तेवढं एकच माणूस उरलंय, थोरला भाऊ. माझी जीभ अशी सरळ, त्यात उत्साहात होते. म्हटलं, "अण्णा, वर्षाला साडी आणू नगंस. आणायचंच असलं तर वहिनीचं एखादं जुनेर आण."

पलीकडं त्यानं रेडिओ बंद केल्याचं ऐकू आलं. 

मग म्हणाला, "कावेरी, भावानं भनीला जुनेर द्यायचं? भांडी घासणारणीला देत्यात त्ये. आई-बापानं मला हेच सांगून डोळं मिटलं व्हय?"

"तसं न्हाय अण्णा, ह्यांचं म्हणणं..."

"तुझ्या नवऱ्याचं सगळं म्हणणं मी ऐकलं. खुनी पण झालो त्याच्यासाठी. पर हे न्हाय व्हायचं. मी मेल्यावर माग जुनेर." आणि फोन ठेवला.

विधवा बहिणीची ओटी भरत नाहीत, हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नाही. माहेरचं म्हणून तिला काय उरतं? भावाची साडी. तेवढी एक गोष्ट अण्णाच्या हातात होती आणि मी तीच त्याच्या हातातून काढून घेतली. हे मला फोन ठेवल्यावर कळलं. पुस्तकं-पेपर वाचून बाई शहाणी होते, पण कुठल्या शब्दानं कुणाचं काळीज कापलं जाईल ते कुठल्याच पेपरात छापून येत नाही.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन, हळू आवाजात. "वन्सं, काय बोलला तुमी ह्यास्नी? धड जेवंनात. गोठ्यात जाऊन बसत्यात."

मी तीनदा अण्णाला फोन लावला. उचलला नाही. एकदा मनात आलं, सगळ्यांना सांगून टाकावं, आणा बाबांनो काय आणायचं ते, एका साडीपायी मी भाऊ घालवू का? मग त्या हिरव्या साडीकडं बघितलं की परत मन घट्ट व्हायचं. तुम्ही फोटोतून बघत होतात, पण एक शब्द सांगाल तर शपथ! तुम्ही असतात तर काय केलं असतंत हो? हट्ट धरला असतात की संकेश्वरची गाडी पकडली असतीत?

कालचा दिवस उजाडला. बायका यायला लागल्या आणि प्रत्येकीच्या काखोटीला जुनेर. अहो, मला वाटलं होतं गुपचूप आणून कोपऱ्यात टाकतील. पण एकेक जण उलगडून सांगायलाच बसली! "ही माझ्या थोरल्याच्या बारशाची." "ही नेसून मी पहिल्यांदा बँकेत सही केली." शेजारच्या गंगव्वानं आणलं त्यावर भलंमोठं ठिगळ, म्हणाली, "नवऱ्यानं विडीनं जाळलेलं. तो गेला, भोक राहिलं." आणि एवढं हसली की आम्ही सगळ्या हसलो. "आमच्यात ह्याला कौदी म्हणत्यात," असं म्हणून सुई-दोरा घेऊन तिथंच बसली, वाकळीचा पहिला टाका तिनं घातला. वर्षाच्या कार्याला आलेल्या बायका हसताहेत, हे बघून उमेश आधी कावराबावरा झाला, मग तोही दाराला टेकून ऐकत उभा राहिला. एका जुनेरात पिवळं सूत निघालं तेव्हा ते हातात घेऊन तो काठावरून अंगठा फिरवत राहिला. चौदा वर्षं नेसलेलं होतं. तुम्हाला तो आकडा सांगायचाच होता. चौदा!

पण माझं अर्धं लक्ष दाराकडं. नैवेद्य दाखवला, अण्णा नाही. पहिली पंगत उठली, अण्णा नाही. दुसरी बसली. मी वाढता वाढता सारखी दारापर्यंत जाऊन येत होते. माहेर संपलं, असं मनाशी म्हणून झालं होतं.

दोनला दारात पांढरी टोपी दिसली. हातात कापडी पिशवी. कुणाशी न बोलता आला, तुमच्या फोटोला हात जोडले, माझ्यासमोर बसला आणि पिशवीतून साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. नवी कोरी.

 उमेश माझ्याकडं बघतोय, मी साडीकडं. गर्द जांभळी, सुती, बारीक काठ. मी काठाला हात लावला. खळ नव्हती. सूत असं भरलेलं की बोटाला वजन लागत होतं.

"अण्णा..."

"थांब. आधी मला बोलू दे. संकेश्वरात दुकानात गेलतो. जुनेर देणार न्हाय म्हंजे न्हाय, नवीच न्यायची, म्हटलं. दुकानदार म्हटला, 'काका, देण्याघेण्याची दाखवू का नेसायची?'"

"मग?"

"मग काय! चाळीस वर्सं त्यो इचारतोय आणि चाळीस वर्सं मी न बघता म्हणतोय, देण्याघेण्याची दे. ह्या खेपंला जीभच उचलंना. तुझं बोलणं डोस्क्यात. म्हटलं, 'माझ्या भनीला नेसायची हाय रं.' तर त्यानं मागं वळून दुसरं कपाट उघडलं." अण्णानं टोपी काढली. "कावेरी, दुसरं कपाट असतंय हेच मला ठावं नव्हतं गं!"

माझ्यानं राहवलं नाही. कालचा दिवसच खरं बोलायचा होता. "अण्णा, तुझी एक पण साडी मी नेसले न्हाय रं. सगळ्या पुढं दिल्या."

"ठावं हाय. माझ्या धाकटीच्या लग्नात त्यातली एक तू मलाच परत आणली हुतीस."

अहो, काय सांगू! गंगव्वापासून उमेशपर्यंत सगळं घर हसलं. अण्णा हसता हसता डोळे पुसत होता. मी पुसलेच नाहीत, वाहू दिले.

"ती मेव्हण्यानं केलेली चूक," अण्णा तुमच्या फोटोकडं बघून म्हणाला. "सगळं मेव्हणाच करतोय, न्हाय का?"

मी उठले, आत गेले आणि ती साडी नेसून बाहेर आले. कार्याच्या दिवशी, भरल्या घरात, नवी जांभळी साडी. कुणाला काय वाटायचं ते वाटो. अण्णा नुसता बघत राहिला. भावाची साडी नेसलेली बहीण त्या माणसानं चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बघितली! त्यात त्याची तरी एकट्याची चूक कुठं होती? तो न बघता देत गेला, मी न उघडता पुढं सरकवत गेले. आम्ही दोघांनी मिळून एवढी वर्षं एकमेकांना पुठ्ठा दिला.

जाताना दारात म्हणाला, "जुनेराचं वाईट वाटून घिऊ नगंस. वहिनी चार घिऊन येणार हाय पुढल्या आठवड्यात. ती तुला दिऊ दे. मी न्हाय देणार." माणसानं आपला शब्दही मोडला नाही आणि माझाही. तुमच्यापेक्षा हुशार निघाला की नाही तुमचा मेव्हणा?

आज सकाळपासून एकच विचार करतेय. मी "नवं नको" असं म्हणाले, तिथंच माझं चुकलं. तुम्ही नव्याचे वैरी कधी होतात? जन्मभर नवंच तर विणलंत. सगळ्यांनी नवं कापड घेणं सोडलं असतं तर आपण काय खाल्लं असतं? तुमचं भांडण नव्याशी नव्हतं. कुणाच्या उपयोगी न पडता फिरत राहणाऱ्या वस्तूशी होतं, आणि असं न बघता देणाऱ्या-घेणाऱ्या हातांशी. मला हे वर्षभर नीट उमगलं नव्हतं. तुमची शिकवण म्हणून मी एक नियम काढला आणि तो घेऊन भावाच्या अंगावर गेले. नियम करणं सोपं असतं हो. तुम्ही एकही केला नाहीत. नुसते खिशातून पेला काढत राहिलात.

कपाटात त्या गाठोड्यातल्या बाकीच्या साड्या आहेत. त्या मी पुढं कुणाला देणार नाही. ज्या वाकळीत आतल्या थराला चालतील त्या तिथं जातील. हिरवीचं काय करायचं ते अजून ठरत नाही. ती कुणीच नेसली नाही, ती जुनेर तरी कसली म्हणायची? सध्या ती मी उशाखाली ठेवलीय. हसू नका.

आता उठते. जांभळी साडी भिजत घातलीय, पिळून वाळत घालायची आहे. घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याच्या बाजूच्या दोरीवरच घालणार आहे. कुणी मान वर करून बघत थांबलं तर थांबू दे.

आणि तुम्हाला एक वचन देते. ही साडी मी नेसणार. बाजारात, बँकेत, अण्णाकडं, घरात भाकरी थापताना. फाटली तर रफू करून नेसणार. हिचं चांगलं मऊसूत जुनेर होईपर्यंत मी कपाटाची धूळ तिला लागू देणार नाही. बोटांना जे वजन लागलं त्यावरून सांगते, पंधरा वर्षं तरी टिकेल. तुमच्या चौदापेक्षा एक जास्तच.

तोवर मी काही तिकडं येत नाही. वाट बघा.

तुमची,
कावेरी